हिरवे रोखे: हात वर करण्याआधी

प्रश्न: आमची ड वर्गातली महानगरपालिका आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत १०० कोटींचे हरित कर्जरोखे काढण्याचा विषय आलाय. गोषवाऱ्यात काम एवढंच लिहिलंय: 'पाणीपुरवठ्याच्या पंपांसाठी २० मेगावॅटचा सौर प्रकल्प व इतर पर्यावरणपूरक कामे'. पाणी उपशाचं वीजबिल सध्या महिन्याला साधारण २ कोटी येतं. ते शून्यावर येईल, रोखे हिरवे असल्याने व्याज कमी पडेल आणि वर केंद्राकडून १३ कोटींचं प्रोत्साहन मिळेल, असं प्रशासन सांगतं. विरोधक म्हणतात, शहर गहाण टाकताय. मी पहिल्यांदाच निवडून आलेय. वाणिज्य शाखेची पदवी आहे, पण रोख्यांचा संबंध कधी आला नाही. पर्यावरणासाठी काही चांगलं होत असेल तर मला आडवं जायचं नाही. सभागृहात नेमकं काय विचारू? आणि आमच्या शहरातल्या लोकांना या रोख्यांत पैसे घालता येतील का?
– एक नगरसेविका

उत्तर:

नमस्कार ताई,

रोखे म्हणजे ठरलेल्या मुदतीसाठी व्याजाने घेतलेलं कर्ज, आणि ते पर्यावरणाच्या कामासाठी असलं की हिरवे किंवा हरित. गोषवाऱ्यातल्या ज्या दोन गोष्टींवर सगळ्यांची नजर जाते, 'हिरवे' हा शब्द आणि १३ कोटी, त्या थोड्या बाजूला ठेवा. सगळ्यात आधी विचारायचं ते हे: १०० कोटींचा आकडा प्रकल्पातून आला की प्रोत्साहनातून? केंद्राच्या अमृत योजनेत पहिल्यांदा रोखे काढणाऱ्या शहराला दर १०० कोटींमागे १३ कोटी मिळतात, जास्तीत जास्त २६ कोटी. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी आधी १०० किंवा २०० चा आकडा ठरतो आणि मग त्यात बसतील अशी कामं शोधली जातात. 'इतर पर्यावरणपूरक कामे' हे शब्द वाचून तुमच्याकडेही तसंच झालं असावं अशी शंका येते.

बिलाचा हिशेब कागदावर मांडून बघू. महिन्याला २ कोटी बिल आणि युनिटला सरासरी ८ रुपये धरले तर महिन्याला २५ लाख युनिटं लागतात, वर्षाला ३ कोटी. आपल्याकडे १ मेगावॅट सौर प्रकल्पातून वर्षाला ढोबळमानाने १५ लाख युनिटं निघतात. म्हणजे २० मेगावॅटमधून ३ कोटी. प्रशासनाने हा भागाकार केला, दोन्हीकडे ३ कोटी आले आणि बिल शून्य झालं. कागदावर हे चोख आहे. पण पंप सूर्य बघून चालत नाहीत. तुमचे पंप दिवसाला २० तास चालत असतील तर एका वेळचा भार जेमतेम ४ मेगावॅटच्या आसपास येतो. भर दुपारी २० मेगावॅटचा प्रकल्प पूर्ण जोरात असताना पंपांना त्यातली ४ मेगावॅट पुरते, बाकीची ग्रिडमध्ये जाते. संध्याकाळी सहानंतर पंप पुन्हा महावितरणच्याच विजेवर.

ग्रिडमध्ये गेलेली वीज 'बँकेत' राहते आणि रात्री परत मिळते, असं सभागृहात कोणीतरी सांगेलच. ती साठवण साधारण महिन्यापुरती असते, तिला मर्यादा असते, शुल्क असतं, आणि दुपारी दिलेली वीज रात्रीच्या महाग तासांत परत घेता येईलच असं नाही. वीज नियामक आयोगाचे नियम बदलतात तेव्हा पहिला फटका याच हिशेबाला बसतो. त्यातून तुमच्या जोडणीला वेळनिहाय दर लागू असतील तर दुपारची वीज आधीच स्वस्त आहे, मग वाचणारा रुपयाही ८ चा नसतो. जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) एकीकडे आणि प्रकल्प दुसऱ्या तालुक्यात असेल तर वीज वाहून नेण्याचा आकार वेगळा. या सगळ्याचा एकत्रित निव्वळ आकडा, म्हणजे एका युनिटमागे पालिकेच्या खिशात खरोखर किती राहतात, तो गोषवाऱ्यात नसेल तर विषय त्याच कारणाने तहकूब ठेवता येतो.

अंदाज म्हणून धरा: पंपांना थेट मिळालेली साधारण १.१ कोटी युनिटं ६ रुपयांनी, उरलेली १.९ कोटी अडीच रुपयांनी. वर्षाला सव्वाअकरा कोटींच्या आसपास येतात. देखभाल, पॅनेल धुणं, विमा, पहारा यांना १ कोटी गेले की सव्वादहा. आता दुसरी बाजू. १०० कोटी, ८ टक्के, ७ वर्षांनी एकरकमी परतफेड, असं धरलं तर व्याज वर्षाला ८ कोटी. मुद्दल फेडायला कर्जफेड निधीत दरवर्षी पैसे टाकावे लागतात. निधीवर साडेसहा टक्के मिळतील असं समजलं तरी वर्षाला पावणेबारा कोटी. एकूण पावणेवीस. बचत सव्वादहा. मधले साडेनऊ कोटी दरवर्षी, ७ वर्षं, घरपट्टीतून जाणार. पॅनेल २५ वर्षं चालतात आणि रोखे ७ वर्षांत फेडायचे असतात, या दोन आकड्यांमधल्या अंतराचा खड्डा मधल्या काळात कुठून भरायचा, हा खरा प्रश्न आहे. 'शहर गहाण' म्हणणाऱ्यांनी हे गणित केलेलं नसेल, पण त्यांची भीती अगदीच हवेतली नाही.

इंदूरचं उदाहरण तुम्हाला ऐकवलं जाईल, म्हणून ते नीट माहीत असलेलं बरं. इंदूर महापालिकेने २०२३ च्या फेब्रुवारीत २४४ कोटींचे हरित रोखे थेट जनतेला विकले, व्याज ८.२५ टक्के, सहामाही. पैसा कशासाठी? खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून नर्मदेचं पाणी उपसून शहरात आणायला लागणाऱ्या विजेसाठी ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प. तिथलं उपशाचं बिल महिन्याला २५ कोटींच्या घरातलं. भार एवढा मोठा की ६० मेगावॅट त्यात मुरून जातं. शिवाय त्यांनी प्रत्येक १,००० रुपयांच्या रोख्याचे २५० चे चार तुकडे पाडले आणि त्यांची मुदत ३, ५, ७ आणि ९ वर्षं ठेवली. एकाच वर्षी डोंगर कोसळत नाही. मुळात विक्रीला काढलेल्या १२२ कोटींच्या जवळपास सहापट मागणी आली. यातलं उचलण्यासारखं काही असेल तर भाराशी जुळवलेला आकार आणि पायऱ्यापायऱ्यांची फेड. तुमच्या ४ मेगावॅट भाराला ५ ते ६ मेगावॅटचा प्रकल्प शोभतो. त्यातली जवळपास सगळी वीज जागेवर वापरली जाईल, खर्च जोडणीच्या वाहिनीसह २५ ते ३० कोटी येईल आणि पैसे साधारण सहा वर्षांत फिटतील. जमीनही ८० एकरांऐवजी २०-२५ एकर पुरेल. उंच टाक्यांची क्षमता वाढवून उपसा दिवसा वळवता आला, तर प्रकल्प आणखी थोडा मोठा करायला हरकत नाही.

पण सौरच्या आधी पंप. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे, फीत कापायला काही नसतं, म्हणून कुठल्याच गोषवाऱ्यात येत नाही. जुने, घासलेले पंप ५५ टक्के कार्यक्षमतेवर चालत असतील आणि नवे ७५ वर चालत असतील तर तेवढ्याच पाण्याला वीज पाऊण पटीपेक्षा कमी लागते. तुमच्या २४ कोटींच्या वार्षिक बिलात हे ६ कोटी झाले, तेही रात्रंदिवस, पावसाळ्यातही, आणि सौरच्या मानाने फार थोड्या खर्चात. त्याच्या पुढची पायरी गळतीची. शंभर लिटर उपसून साठ लिटरचीच पट्टी वसूल होत असेल तर उरलेल्या चाळीस लिटरला सौर वीज पुरवणं म्हणजे गळक्या घागरीला चांदीचा मुलामा. पहिली मागणी लिहून द्या: गेल्या एक वर्षातला, बाहेरच्या संस्थेने केलेला ऊर्जा लेखापरीक्षण अहवाल सभागृहापुढे ठेवा. तो नसेल तर रोख्यांचा आकार ठरवायला आधारच नाही.

'हिरवे म्हणून व्याज कमी' याबद्दल. केंद्र सरकारने स्वतः २५ जानेवारी २०२३ ला पहिले हरित सरकारी रोखे विकले, ८,००० कोटींचे. पाच वर्षांचे ७.१० टक्क्यांनी, दहा वर्षांचे ७.२९ ने. साध्या सरकारी रोख्यांपेक्षा ५-६ शतांश टक्क्यांनी स्वस्त, आणि पुढच्या लिलावांत तेवढी सवलतही टिकली नाही. ५ शतांश म्हणजे १०० कोटींवर वर्षाला ५ लाख. हिरवा शिक्का मिळवायला बाहेरचा परीक्षक लागतो, दरवर्षी परिणामांचा अहवाल काढावा लागतो, त्याचा खर्च बघता कधीकधी चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो.

आणखी एक उदाहरण पुढे येईल, पिंपरी-चिंचवडचं. त्यांनी २०२३ मध्ये २०० कोटी ८.१५ टक्क्यांनी उभारले आणि २०२५ च्या जूनमध्ये हरित रोखे ७.८५ ने. 'बघा, हिरव्यामुळे ०.३० टक्के वाचले,' असं कोणी म्हणालं तर विचारा की मधल्या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) किती उतरला. ६.५० वरून ५.५० वर आला होता, म्हणजे पूर्ण एक टक्का. बाजारभर व्याज खाली येत असताना मिळालेला दर हिरवेपणाच्या खात्यात मांडता येत नाही. त्यांना पैसे मिळाले, मागणी विक्रीला काढलेल्या रकमेपेक्षा कितीतरी जास्त आली, ती पालिकेच्या भरभक्कम उत्पन्नामुळे आणि वरच्या पतमानांकनामुळे (कर्ज फेडण्याच्या कुवतीला दिलेली श्रेणी). त्या रोख्यांतून हरित सेतू आणि टेल्को रस्त्याची कामं घेतली आहेत, म्हणजे चालणारे-सायकलवाले यांच्यासाठी रस्ते. हे काम हिरवं आहे यात वाद नाही, मात्र किती माणसांनी गाडी सोडली हे मोजणं सौर मीटरवरची युनिटं मोजण्याइतकं सोपं नसतं.

मग केंद्राचे १३ कोटी? ते खरंच मोलाचे आहेत, मिळत असतील तर सोडू नका. हिशेब असा: आज हातात आलेले १३ कोटी म्हणजे १० वर्षांच्या रोख्यांवर व्याजात जवळपास २ टक्क्यांची सूट, ७ वर्षांच्या रोख्यांवर अडीच टक्क्यांची. हिरव्या शिक्क्याच्या ५ शतांशाशी तुलना करून बघा, म्हणजे धोरणाचा जोर नेमका कुठे आहे ते कळेल. दुसऱ्यांदा रोखे काढणाऱ्या शहराला अमृत २.० मध्ये फक्त हरित रोख्यांसाठीच प्रोत्साहन आहे, दर १०० कोटींमागे १०, जास्तीत जास्त २०. योजनेची मुदत, अटी आणि १०० कोटींपेक्षा कमी रकमेला किती मिळतं, हे नगरविकास विभागाकडून लेखी मागवा. तोंडी भरवशावर ठराव नको.

इथे एक जागा अशी आहे जिथे बहुतेक सभागृहं झोपतात. हे १३ कोटी येतात आणि सर्वसाधारण निधीत मिसळतात. तिथून ठेकेदारांची जुनी देणी भागतात आणि वर्षभरात त्यांचा मागमूस राहत नाही. तेच पैसे पहिल्याच दिवशी कर्जफेड निधीत टाकले तर साडेसहा टक्क्यांनी ७ वर्षांत २० कोटींच्या वर जातात आणि दरवर्षी भरायची रक्कम पावणेबारावरून सुमारे ९ कोटी ३५ लाखांवर येते. त्यासाठी ठरावात एकच वाक्य लागतं. ते उपसूचना म्हणून तुम्ही मांडा.

आता घरपट्टी. रोखे घेणारे, म्हणजे बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, तुमचा सौर प्रकल्प बघत नाहीत, तुमची वसुली बघतात. मालमत्ताकर किंवा पाणीपट्टी एका स्वतंत्र एस्क्रो खात्यात जमा होते. तिथून आधी व्याजाच्या खात्यात आणि कर्जफेड निधीत ठरलेली रक्कम जाते, मग उरलेली पालिकेकडे येते. या सगळ्यावर रोखेधारकांचा विश्वस्त नजर ठेवतो. हप्त्याच्या तारखेला 'निधी उपलब्ध नाही' म्हणायची सोय उरत नाही, आणि म्हणूनच लोक पैसे देतात. अहमदाबादने १९९८ मध्ये राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटी उभारले ते याच वाटेने, तेव्हा व्याज १४ टक्के होतं.

याची दुसरी बाजू अशी की ते पैसे हप्ता सुटेपर्यंत पगाराला, कचऱ्याच्या ठेक्याला वापरता येत नाहीत. तुमच्या शहराची चालू वर्षाची घरपट्टी वसुली किती टक्के आहे आणि थकबाकीची किती, हे वेगवेगळे आकडे मागा. एकत्र सांगितले की चित्र गोड दिसतं. आणि दर निवडणुकीआधी शास्तीमाफीची अभय योजना काढायची सवय असेल तर तीही लक्षात घ्या. वेळेवर भरणारा पुढच्या वर्षापासून थांबतो, मानांकन संस्था ते टिपून ठेवते, आणि पुढच्या रोख्यांना व्याज चढतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. रोख्यांचा ठराव आणि अभय योजनेचा ठराव एकाच विषयपत्रिकेवर दिसले तर बोट ठेवायला विसरू नका.

मानांकन संस्था आणखी काय बघते: एकूण उत्पन्नात स्वतःचं किती आणि राज्याकडून येणारं जीएसटी भरपाई अनुदान किती, पाणीपुरवठ्याचा खर्च पट्टीतून कितपत निघतो, हातात रोकड किती, कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा बोजा किती. सेबीचे, म्हणजे शेअर-रोखे बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचे, नगरपालिका रोख्यांचे नियम २०१५ चे आहेत. त्यांत दुहेरी नोंद पद्धतीचे हिशेब हवेत आणि मागच्या ३६५ दिवसांत कर्ज थकवलेलं चालत नाही. ड वर्गातल्या अनेक पालिकांचं गाडं इथेच अडतं, कारण ताळेबंद दोन-तीन वर्षं मागे असतात आणि रस्ते, टाक्या, नळवाहिन्या यांची नोंदच मालमत्ता म्हणून झालेली नसते. हे काम रोखे न काढताही करण्यासारखं आहे. मुख्य लेखा अधिकाऱ्यांना विचारा: शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद कोणत्या वर्षाचा? उत्तर आलं नाही किंवा लांबलं, तर विषय पुढे रेटण्यात अर्थ नाही.

पैसे कधी उचलायचे यावर फार थोडं बोललं जातं. पुण्याने २०१७ च्या जूनमध्ये चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी ७.५९ टक्क्यांनी २०० कोटी उभारले. त्यानंतर योजनेच्या निविदा रद्द होऊन पुन्हा काढाव्या लागल्या, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू होतं. तुमच्या बाबतीत १०० कोटी ८ टक्क्यांनी घेऊन साडेसहाच्या मुदतठेवीत पडून राहिले तर वर्षाला दीड कोटी नुसते पाण्यात. क्रम असा हवा: जमीन ताब्यात, महावितरणची किंवा पारेषण कंपनीची जोडणीची तत्त्वतः मंजुरी हातात, निविदेतला सर्वात कमी दर उघडलेला, आणि मग रोखे. राज्य सरकारची पूर्वमंजुरी, दोन संस्थांचं मानांकन, विश्वस्ताची नेमणूक, एस्क्रोचा करार हे मधल्या काळात चालू ठेवता येतं.

आता 'इतर पर्यावरणपूरक कामे'. हे शब्द काढून टाकायला लावा. सेबीच्या हरित रोख्यांच्या नियमांनुसार पैसा कशावर खर्च होणार, काम कसं निवडलं, पैशाचा माग कसा ठेवणार आणि परिणाम कशात मोजणार, हे सांगावं लागतं. २०२३ च्या फेब्रुवारीत सेबीने हिरव्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीबद्दल वेगळं परिपत्रक काढलं. पैसा दुसरीकडे वळवला तर गुंतवणूकदारांना कळवावं लागतं, आणि बहुसंख्य रोखेधारकांनी मागणी केली तर मुदतीआधी परत करावा लागतो. प्रभागातले गट्टू आणि स्वागतकमानी त्या तीन शब्दांच्या पोटात घातल्या तर हा धोका पालिकेच्या डोक्यावर राहतो. (सेबीने सौर कामांसाठीच्या रोख्यांना 'पिवळे रोखे' असं वेगळं नाव दिलंय. प्रशासनाला ते माहीत आहे का बघा, एवढ्यावरून तयारीचा अंदाज येतो.)

कचरा जाळून वीज करण्याचा प्रकल्प त्यात घुसवायचा प्रयत्न झाला तर सावध राहा, कारण इथे सरकारचेच दोन कागद वेगळं बोलतात. सेबीच्या व्याख्येत ऊर्जा-कार्यक्षम असेल तर कचऱ्यापासून वीज बसते. अर्थ मंत्रालयाच्या हरित रोख्यांच्या चौकटीत आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या हरित ठेवींच्या नियमांत थेट कचरा जाळणं वगळलंय. काय हिरवं आणि काय नाही याची एकच यादी करण्यासाठी केंद्राने २०२५ च्या मे महिन्यात मसुदा काढला. दोन नियमांच्या मधल्या फटीत बसणाऱ्या कामावर १०० कोटींचं कर्ज उभं करू नये, असं आमचं मत.

सौर ३० कोटींचं आणि पंप थोडक्यात भागले, तर उरलेल्या पैशाला चांगलं काम आहे का? तुमच्या शहरालगत एमआयडीसी किंवा मोठा पाणी वापरणारा कारखाना असेल तर आहे. मैलाशुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यावर आणखी एक टप्पा प्रक्रिया करून ते उद्योगांना विकणं. गाझियाबादने २०२१ मध्ये १५० कोटींचे हरित रोखे ८.१ टक्क्यांनी काढले ते याच कामासाठी. नागपूरचं भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी महानिर्मितीच्या कोराडी वीज केंद्राला जातं. कोळशाच्या वीज केंद्राला पाणी पुरवणारं काम हिरवं म्हणायचं का, यावर परदेशी गुंतवणूकदार नाक मुरडू शकतात. पण त्यामुळे पिण्याचं तेवढं पाणी शहराला राहतं हेही खरं.

या उदाहरणात धोरणाचं एक अंग स्पष्ट दिसतं. २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणाने असा नियम केला की मैलाशुद्धीकरण केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक वीज केंद्राने ते शुद्ध केलेलं पाणी वापरलंच पाहिजे. अनुदानाचा एक पैसा न देता सरकारने गिऱ्हाईक उभं करून दिलं, आणि गिऱ्हाईक असलं की कर्ज देणारा आपोआप येतो. तुमची पालिका स्वतःच्या हद्दीत असंच करू शकते. बांधकाम, रस्ते धुणं, उद्यानं, गाड्यांची धुलाई केंद्रं यांना टँकरने प्रक्रिया केलेलं पाणीच घेण्याची अट परवान्यात घाला. मोठ्या उद्योगाशी किमान दहा वर्षांचा, 'पाणी उचला अथवा पैसे भरा' या अटीचा करार आधी करा. तो करार नसताना बांधलेलं केंद्र शेवटी नाल्यातच पाणी सोडतं, फक्त जरा स्वच्छ.

सगळं जुळवूनही तुमची गरज ६०-७० कोटींवर थांबली तर रोखे काढावेतच असं नाही. रोख्यांचे ठरावीक खर्च, म्हणजे व्यवस्थापक, वकील, मानांकन, विश्वस्त, रक्कम लहान म्हणून फारसे कमी होत नाहीत. सौरसाठी विकासक स्वतःच्या पैशाने प्रकल्प उभारतो आणि पालिका युनिटच्या दराने वीज घेते, हाही मार्ग आहे. लहान शहरांनी एकत्र येण्याचाही मार्ग आहे. तमिळनाडूत २००२ साली १३ छोट्या शहरांसाठी पाणी व स्वच्छतेच्या सामायिक निधीमार्फत सुमारे ३० कोटींचे रोखे निघाले, १५ वर्षांच्या मुदतीचे, ९.२० टक्क्यांनी. एकट्या कुठल्याही शहराला त्या मुदतीवर कोणी दारात उभं केलं नसतं. महाराष्ट्रात नदीकाठच्या चार-पाच पालिकांनी मिळून हे का करू नये, हा प्रश्न तुम्ही तुमच्या आमदारांना जरूर विचारा.

लोकांच्या गुंतवणुकीबद्दल: पालिकांचे बहुतेक रोखे संस्थांना खासगीरीत्या विकले जातात, तिथे सामान्य माणसाला वाव नसतो. इंदूरने जाहीर विक्री केली आणि किमान अर्ज १०,००० रुपयांचा ठेवला. त्याला माहितीपत्रक, जाहिराती, निबंधक असा खर्च आणि वेळ जास्त लागतो, पण कर भरणाराच रोखेधारक झाला की तो पालिकेचे हिशेब वाचायला लागतो. तुमच्या मतदारांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. हे रोखे बाजारात सहज विकले जात नाहीत, मुदतीपर्यंत धरायची तयारी हवी. आणि यांना बँक ठेवीसारखा ५ लाखांचा विमा नाही, भरवसा एस्क्रो खात्याचा.

परिणामांच्या अहवालाचा नमुना आत्ताच ठरवून घ्या, नंतर तो कोणी विचारत नाही. सौरला मीटरवरची युनिटं, महिन्यागणिक. कार्बन डायऑक्साइड किती टन वाचला ते त्या युनिटांना केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या गुणांकाने गुणून निघतं. तो हल्ली मेगावॅट-तासाला ०.७ टनाच्या आसपास असतो, म्हणजे साडेपाच मेगावॅटच्या प्रकल्पाला वर्षाला साधारण पावणेसहा हजार टन. कोणी पंचवीस हजार टन सांगू लागलं तर आकडेमोड मागा. पंपांना दर हजार लिटरमागे किती युनिट लागली, हा एकच आकडा पुरे. सांडपाण्याला किती पाणी विकलं आणि किती रुपये जमा झाले.

विषय आयत्या वेळचा म्हणून आणला तर त्याला लेखी हरकत घ्या. विषयपत्रिकेवर आला तर विरोधात मत देण्यापेक्षा उपसूचना द्या, चार वाक्यांची: सौर प्रकल्पाची क्षमता ऊर्जा लेखापरीक्षणानुसार ठरेल, 'इतर कामे' हे शब्द वगळले जातील, केंद्राचं प्रोत्साहन थेट कर्जफेड निधीत जमा होईल, आणि निविदा उघडल्याशिवाय रोखे विक्रीस काढले जाणार नाहीत. अनुमोदक आधी गाठून ठेवा, उपसूचना लेखी द्या आणि प्रतीवर नगरसचिवांच्या कार्यालयाची पोच घ्या. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करायला येईल तेव्हा ती पोच बरोबर ठेवा आणि चारही वाक्यं शब्दशः उतरली आहेत का ते वाचून बघा. 'सदस्यांच्या सूचनांसह मंजूर' एवढंच लिहिलेलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्ती मागा.